सावध चालकाचा हप्ता : जोखमी हुंडीपासून थर्ड पार्टीपर्यंत

आजचा विषय ऐकून काही जणांनी आधीच विचारलं, की गाडीच्या विम्याला कसला आलाय इतिहास? इतिहास म्हणजे किल्ले, मोहिमा, फार तर दुष्काळ. पण लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत चहाला उभं राहा आणि गाडीच्या विम्याचा विषय काढा. पाच मिनिटांत कुणीतरी म्हणणारच, "पंधरा वर्षं झाली गाडी चालवतोय. एक ओरखडा नाही, एक क्लेम नाही. तरी दरवर्षी हप्ता वाढतोच कसा? मग नीट चालवायची कशाला?" प्रश्न रास्त आहे. आणि त्याचं उत्तर एजंटाकडे नाही, ते इतिहासातच आहे, म्हणून आज हा विषय घेतला.

सुरुवात थोडी लांबून करू. 'विमा' हा शब्द फारसीतून आला. 'बीम' म्हणजे भीती, धास्ती. इंग्रज कंपन्या येण्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे व्यापारी माल पाठवताना विमा उतरवत आणि त्याच्या जोडीला जोखमी हुंडी नावाचा एक प्रकार होता. साध्या हुंडीत पैसे द्यावेच लागतात. जोखमी हुंडीत अट अशी, की माल पोचला तरच पैसे, वाटेत बुडाला किंवा लुटला गेला तर हुंडी घेणाऱ्याचं नुकसान. म्हणजे कर्ज आणि विमा एकाच कागदावर. जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने माळव्याच्या वृत्तांतात तिथल्या विम्याच्या दरांची नोंद केलेली आहे. त्या दरांत गोष्ट कशाची आहे? पेंढाऱ्यांची, वाटेतल्या चौक्यांची, रानाची, नदीच्या उताराची. व्यापारी स्वतः किती सज्जन, बैल किती जपून हाकतो, याला तिथे फारसा भाव नव्हता. वाट धोक्याची तर दर चढा, वाट शांत तर दर उतरलेला. हप्ता वाटेचा होता. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मोटारीकडे येऊ. इंग्लंडमध्ये 1930 च्या रोड ट्रॅफिक कायद्याने वाहनाचा विमा सक्तीचा झाला. तिथे मोटारी वाढल्या, माणसं चिरडली जाऊ लागली आणि असं दिसलं, की कोर्टात दावा जिंकूनही विधवेच्या हाती काही पडत नाही, कारण ड्रायव्हरकडे द्यायला पैसाच नसतो. म्हणून सक्ती आली. गाडीवाल्याची गाडी वाचावी म्हणून ही सक्ती कधीच नव्हती. रस्त्यावर चालणाऱ्या तिसऱ्या माणसासाठी ती होती. आपल्याकडे 1939 चा मोटार वाहन कायदा आला, पण त्यातलं सक्तीच्या विम्याचं आठवं प्रकरण प्रत्यक्षात लागू झालं ते 1 जुलै 1946 रोजी. तेही ब्रिटिश हिंदुस्थानात. आपण तेव्हा कुठे होतो? निजामाच्या राज्यात. नांदेड जिल्हा होताच, लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. निजामाच्या रेल्वेने 1932 साली 27 बसगाड्यांनिशी रस्ते वाहतूक सुरू केली होती, तेवढीच आपली मोटार-संस्कृती. 17 सप्टेंबर 1948 नंतर केंद्राचे कायदे इकडे टप्प्याटप्प्याने आले, 1956 ला आपण मुंबई राज्यात गेलो, 1960 ला महाराष्ट्रात. म्हणजे सक्तीचा विमा ही कल्पना आपल्याकडे आयती आली, तिच्यामागचा वाद आपण घातलाच नाही. म्हणून आजही आपण विम्याच्या कागदाकडे 'पोलीस अडवतील म्हणून बाळगायची चिठ्ठी' एवढ्याच नजरेने बघतो, असं आम्हाला वाटतं.

पुढचा टप्पा राष्ट्रीयीकरणाचा. 1 जानेवारी 1973 पासून शंभरावर खाजगी विमा कंपन्या चार सरकारी कंपन्यांत विलीन झाल्या: नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया. दर कोण ठरवायचं? टॅरिफ ॲडव्हायजरी कमिटी. सगळ्यांना एकच दरपत्रक. आणि या काळात एक गोष्ट आतल्या आत चालू होती. मोटारीच्या थर्ड पार्टी विम्यात कंपन्यांना तोटा होत होता आणि कारखान्यांच्या आगीच्या विम्यात भरपूर नफा होत होता. या खिशातलं त्या खिशात जात होतं. म्हणजे त्या काळात लातूरची ॲम्बेसेडर आणि नांदेडची फियाट ठाणे-बेलापूरच्या कारखान्यांच्या हप्त्यावर फिरत होती म्हणा ना! आपल्याला हप्ता स्वस्त वाटत होता तो आपण सावध होतो म्हणून नाही, दुसरं कुणीतरी भरत होतं म्हणून.

मग 1999 चा आयआरडीए कायदा आला, खाजगी कंपन्या परत आल्या आणि 1 जानेवारी 2007 पासून दरपत्रकाची सक्ती उठली. आगीच्या विम्याचे दर धाडकन कोसळले, कारण स्पर्धा. तो नफा आटला आणि मोटारीला पोसणारा खिसा फाटला. थर्ड पार्टीचा दर मात्र मोकळा सोडला नाही, तो नियामकानेच ठरवायचा असं राहिलं. इथून तुमच्या-आमच्या हप्त्याची चढण सुरू होते.

आकडे बघू. 1000 ते 1500 सीसीची खाजगी कार, म्हणजे आपल्याकडे दारात उभी असते ती सर्वसाधारण गाडी. तिचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता 2007 ला 800 रुपये होता. 2014-15 ला 1332. 2016-17 ला 2237. 2017-18 ला 2863. 2019 ला 3221. आणि 1 जून 2022 पासून 3416. त्यावर 18 टक्के जीएसटी धरला तर 4030 रुपये 88 पैसे. पंधरा वर्षांत मूळ हप्ता सव्वाचार पटीहून जास्त झाला. 2011 पासून महागाई, अपघाताच्या दाव्यांचं प्रमाण आणि दाव्याची सरासरी रक्कम धरून दरवर्षी दर फिरवायचं सूत्र आलं. 2022 चे दर रस्ते वाहतूक मंत्रालयाने अधिसूचित केले. त्या सूत्रात एक गोष्ट कुठेच नाही: तुम्ही.

आता इथे थांबून पावती नीट वाचायला हवी, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणून जी पॉलिसी आपण घेतो तिचे दोन मुख्य भाग असतात. एक 'ओन डॅमेज', म्हणजे आपल्या गाडीचं नुकसान. दुसरा 'थर्ड पार्टी', म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान. सावधपणाचं बक्षीस, म्हणजे नो क्लेम बोनस, पहिल्या भागातच मिळतं. एक वर्ष क्लेम नाही तर 20 टक्के सूट, मग 25, 35, 45 आणि पाच वर्षांनी 50 टक्के. शिवाय गाडी जुनी होते तशी तिची विमा-किंमत उतरते: दोन वर्षांची झाली की तीस टक्के घसारा, चारची झाली की पन्नास. म्हणजे पहिला भाग दोन्ही बाजूंनी उतरत जातो. दुसऱ्या भागात काहीही उतरत नाही. गाडी दहा वर्षांची झाली तरी तिच्याखाली सापडलेला माणूस जुना होत नाही.

म्हणून जुन्या गाडीच्या सावध मालकाला वाटतं की आपल्यावर अन्याय होतोय. त्याच्या पावतीत बक्षीस मिळणारा भाग आक्रसत गेला आणि बक्षीस न मिळणारा भाग फुगत गेला. त्याचं निरीक्षण बरोबर आहे. अन्याय आहे का, ते बघू.

थर्ड पार्टीचा पैसा जातो कुठे? मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. नांदेडलाही आहे, लातूरलाही आहे, जिल्हा न्यायालयातच चालतं. भरपाई कशी काढतात ते एकदा कागदावर मांडू. समजा 34 वर्षांचा माणूस, फळांचा गाडा लावतो, महिन्याला 15,000 कमावतो, घरात चार जण त्याच्यावर अवलंबून. मागून आलेल्या कारने उडवलं, जागीच गेला. वर्षाची कमाई 1,80,000. प्रणय सेठी खटल्यात 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की चाळिशीच्या आतला स्वतःचा धंदा करणारा असेल तर भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के धरा. झाले 2,52,000. त्यातून त्याचा स्वतःचा खर्च म्हणून चौथा हिस्सा वजा. राहिले 1,89,000. 2009 च्या सरला वर्मा निकालाप्रमाणे 31 ते 35 या वयाला गुणक 16. गुणाकार करा: 30,24,000 रुपये. अंत्यविधी वगैरेंची रक्कम वेगळी.

3416 ने भागा. 885. म्हणजे या एका घराला न्याय द्यायचा तर 885 सावध कारवाल्यांचा पूर्ण वर्षाचा हप्ता लागतो, कंपनीचा खर्च शून्य धरून. ही भरपाई जास्त आहे असं म्हणायची आमची तरी हिंमत नाही. उलट 2017 च्या आधी हातगाडीवाल्याच्या, शेतमजुराच्या भविष्यातल्या वाढीबाबत निकाल एकसारखे नव्हते, पगारदाराला सरळ मिळायचं आणि कष्टकऱ्याच्या बाबतीत वकिलांची घासाघीस चालायची. तो फरक मिटला ही चांगलीच गोष्ट झाली. पण चांगल्या गोष्टीचा पैसा कुठून तरी यावा लागतो. हप्ता वाढण्यात कंपन्यांची नफेखोरी किती आणि न्यायाची किंमत किती, हे ताळेबंद बघून वेगळं करता येतं. आपण मात्र सगळं एकाच शिवीत घालतो.

"पण आम्ही तर कुणाला उडवलं नाही ना! थर्ड पार्टीवर पण बोनस द्या की." हा खरा मुद्दा. याचं उत्तर थोडं गणिती आहे, कंटाळू नका. समजा, केवळ समजा, की चांगल्या चालकाच्या हातून वर्षात असा गंभीर अपघात होण्याची शक्यता पाचशेत एक आहे आणि बेफिकीर चालकाची त्याच्या दुप्पट, अडीचशेत एक. दहा वर्षं दोघांनी गाडी चालवली. चांगल्याची पाटी कोरी असण्याची शक्यता 98 टक्के. बेफिकिराची? 96 टक्के. म्हणजे दहा वर्षांची कोरी पाटी दाखवून आपण सावध आहोत हे सिद्धच होत नाही, बेफिकीर माणूसही जवळपास तितक्याच वेळा तीच पाटी दाखवेल. याउलट बंपर चेपणं, आरसा तुटणं असल्या किरकोळ गोष्टी वारंवार होतात. तिथे दहात एक आणि पाचात एक असा फरक धरला तर पाच वर्षांत कोरी पाटी एकाची 59 टक्के, दुसऱ्याची 33. तिथे पाटी काहीतरी सांगते. म्हणून बोनस तिथे आहे. हे ऐकायला कडू आहे, आम्हालाही कडूच लागलं, कारण इथे बसलेला प्रत्येक जण मनातून स्वतःला सावध चालक समजतो. (हशा)

आता आपल्याकडचंच एक दुसरं उदाहरण घेऊ, म्हणजे हा पेच किती जुना आहे ते कळेल. पीक विमा. लातूर-नांदेडच्या सोयाबीनवाल्याला त्याच्याबद्दल सांगायची गरज नाही. 1972 साली गुजरातेत एच-4 कापसावर विम्याचा पहिला प्रयोग झाला, पुढे तो महाराष्ट्रासह काही राज्यांत नेला. एकेका शेतकऱ्याचं नुकसान मोजायचं, अशी पद्धत. 1978-79 ला गुंडाळला. हप्ते जमा झाले 4.54 लाखांचे, दावे द्यावे लागले 37.88 लाखांचे. त्यावर गोखले इन्स्टिट्यूटच्या वि. म. दांडेकरांनी 1976 साली लेख लिहून वेगळी कल्पना मांडली: एकेका शेताचं मोजूच नका, आख्ख्या टापूचं सरासरी उत्पन्न मोजा. ते घसरलं तर सगळ्यांना सारखी भरपाई. आजचं महसूल मंडळ आणि उंबरठा उत्पन्न ही त्याच कल्पनेची लेकरं. 1979 चे प्रायोगिक विमे, 1985 ची सर्वसमावेशक योजना, 2016 ची प्रधानमंत्री पीक विमा योजना, सगळ्यांचा पाया तोच.

वरवर बघता हा तर सावध शेतकऱ्यावर अन्यायच. त्याने वेळेवर फवारलं, चर काढले, तरी त्याला आणि बांधावरच्या आळशाला भरपाई एकच. पण दांडेकरांची खुबी इथेच आहे. भरपाई टापूच्या सरासरीवर ठरते, म्हणून सावध माणसाने कष्टाने वाचवलेलं पीक पूर्णपणे त्याच्याच घरात जातं आणि वर भरपाईही मिळते. सावधपणाची शिक्षा होत नाही. शिक्षा कुणाची होते? ज्याच्या एकट्याच्याच शेतात नाल्याचं पाणी घुसलं आणि मंडळाची सरासरी मात्र ठीक निघाली, त्याची. मराठवाड्यात पीक विम्याच्या मोर्चांत वर्षानुवर्षं ज्या तक्रारी होतात त्यातली एक मोठी तक्रार हीच आहे. पुढे स्थानिक आपत्तीसाठी वैयक्तिक पंचनाम्याची तरतूद आली ती त्यामुळेच. हप्त्याची बाजू तर आणखी नाट्यमय: खरिपाला शेतकऱ्याचा वाटा 2 टक्के, मग महाराष्ट्राने 2023 ला तो एक रुपयावर आणला आणि 2025 ला ती एक रुपयाची योजना बंद केली. कारवाल्यासाठी मात्र कुठलंच सरकार एक रुपया योजना काढत नाही, आणि काढूही नये.

तर मग कारवाल्याची तक्रार पोकळच आहे का? नाही. फक्त ती चुकीच्या जागी मांडली जाते. आमच्या मते खरे अन्याय दोन-तीन आहेत.

पहिला, किलोमीटरचा. थर्ड पार्टीचा दर इंजिनाच्या सीसीवर ठरतो. नांदेडच्या तरोड्यातले निवृत्त शिक्षक, गाडी फक्त रविवारी मंदिरापर्यंत आणि दिवाळीला गावाकडे, वर्षाचे दोन हजार किलोमीटर. आणि लातूरचा औषधांचा प्रतिनिधी, वर्षाचे चाळीस हजार. गाडी एकच, हप्ता एकच. इथे तर गणित सरळ आहे: जितका रस्ता तुडवाल तितकी जोखीम. त्याला दहा वर्षांची पाटी लागत नाही, ओडोमीटर पुरतो. हा अन्याय मोजता येतो, तरी मोजला जात नाही.

दुसरा, भूगोलाचा. ओन डॅमेजच्या जुन्या दरपत्रकात देशाचे दोन झोन केले होते. 'ए' मध्ये आठ शहरं: मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद. उरलेला सगळा भारत 'बी'. लातूर-नांदेड अर्थातच बी. पण फरक किती? पाच वर्षांच्या आतली, 1000 ते 1500 सीसीची गाडी, झोन ए चा दर 3.283 टक्के, बी चा 3.191. पाच लाखांच्या गाडीवर 460 रुपये. आणि खाजगी कारच्या थर्ड पार्टीला तर झोनच नाही. दादरला जो दर तोच देगलूरला. आता यावर उलटही बोलता येतं. शहरात गाड्या एकमेकींना घासतात, पण माणसं मरतात ती आपल्यासारख्या ठिकाणी, मोकळ्या रस्त्यावरच्या वेगाने. तुळजापूर-औसा-लातूर-अहमदपूर-लोहा-नांदेड असा आपला राष्ट्रीय महामार्ग 361 घ्या. गळिताच्या हंगामात रात्री उसाची ट्रॉली, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. सावधातल्या सावध चालकाची तिथे परीक्षा असते. जुन्या व्यापाऱ्याला हे लगेच कळलं असतं: दर वाटेचा आहे. तेव्हा झोनवार दर मागताना जपून. खरंच हिशेब झाला तर आपला दर कमीच होईल याची खात्री नाही.

तिसरा अन्याय बिनविम्याच्या गाड्यांचा. देशातल्या जवळपास निम्म्या गाड्यांना चालू विमा नसतो, हे संसदेत सांगितलेलं वास्तव आहे, त्यात दुचाकी सर्वांत जास्त. लोक म्हणतात, "त्यांचा भार आमच्यावर पडतो." थेट तसं होत नाही. विमा नसलेल्या गाडीने माणूस मारला तर कंपनी देत नाही, मालकाने द्यायचे असतात, आणि मालकाकडे नसतात. 1930 च्या इंग्लंडमधली विधवा पुन्हा तिथेच. भार पडतो तो आडवाटेने. बिनविम्याच्या गाडीच्या जागी विमा असलेली गाडी कागदावर उभी करायची, असे प्रकार होतात. खोट्या दाव्यांचं उत्तर प्रदेशातलं प्रकरण 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर होतं. शिवाय लायसन्स बोगस असलं तरी कंपनीने आधी पीडिताला द्यावे आणि मग मालकाकडून वसूल करावे, असं 2004 च्या स्वरनसिंग निकालापासून चालत आलंय. देणं लगेच होतं, वसुली कशी होते ते तुम्ही जाणता.

2018 सालचा एक योगायोग सांगतो. 20 जुलै 2018. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की नवी कार विकताना तीन वर्षांचा आणि दुचाकी विकताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यायचा. 1 सप्टेंबरपासून तो लागू झाला. आणि त्याच दिवशी देशभरच्या ट्रकवाल्यांचा संप सुरू झाला, मागण्यांत डिझेलच्या जोडीला थर्ड पार्टीचा वाढता हप्ताही होता. एका बाजूला न्यायालय म्हणतंय, विमा वाढवा, पसरवा. दुसऱ्या बाजूला रस्त्यावर पोट असणारा म्हणतोय, परवडत नाही. दोघंही खोटं बोलत नव्हते.

उपाय काही सुचवले गेलेत. आयआरडीएआयच्या एका कार्यगटाने 2021 च्या सुरुवातीला मसुदा मांडला, की वाहतुकीच्या चलनांचे गुण मोजून हप्त्यात 'ट्रॅफिक व्हायोलेशन प्रीमियम' असा वेगळा भाग जोडावा, आधी दिल्लीत प्रयोग करावा. आम्हाला ही दिशा बरोबर वाटते. अपघात विरळ असतात, पण सिग्नल तोडणं, उलट्या बाजूने येणं रोजचं असतं, म्हणजे तिथे पाटी खरंच बोलते. अडचण अशी, की चलन जिथे कॅमेरा तिथेच होतं. पुणेकराची पाटी भरेल आणि आपल्याकडे उलट्या दिशेने येणारा बुलेटवाला साधू ठरेल. दुसरं, जुलै 2022 मध्ये 'पे ॲज यू ड्राइव्ह' आणि 'पे हाऊ यू ड्राइव्ह' या जोड-योजनांना परवानगी मिळाली. कमी चालवा, नीट चालवा, कमी भरा. पण हे सगळं ओन डॅमेजच्या भागाला. आपल्या निवृत्त शिक्षकांचा थर्ड पार्टी हप्ता अजूनही सीसीवरच.

वेळ संपत आली, एकच चिठ्ठी घेतो. विचारलंय: "दहा वर्षांची गाडी विकून नवी घेतोय, बोनस गाडीबरोबर गेला का?" नाही गेला. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. विकताना कंपनीकडून एनसीबीचं पत्र मागून घ्या आणि नव्या गाडीच्या पॉलिसीला लावा. शोरूमवाला आपणहून सांगेलच असं नाही. आणि पॉलिसी संपल्यापासून 90 दिवसांच्या आत नूतनीकरण केलं नाही तर पन्नास टक्क्यांचा बोनस शून्यावर येतो. एमएच 24 असो की एमएच 26, घरी गेल्यावर आधी पॉलिसीची तारीख बघा.